साने गुरुजी

खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव आहे. तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण शिक्षक रुजू झाले. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. स्वभाव अतिशय लाजरा. लवकरच शाळेच्या छात्रालयाचा भार त्यांच्यावर आला. मुलांची अंथरुणे आवरावीत, त्यांचे कपडे धुवावेत, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढावी, असा त्यांचा क्रम असे. शिवाय ‘छात्रालय’ नावाचे एक दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. मुलांना रागे भरण्यापेक्षा त्यांच्यासाठी लिहिणेच त्यांना अधिक जवळचे वाटे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा नोकरी सोडून गुरुजी बाहेर पडले. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंगवास त्यांना घडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी कैद्यांना गीता समजावून देत. ती अठराही प्रवचने गुरुजींनी झपाझप लिहून घेतली, म्हणूनच ती आज वाचावयास मिळतात. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली. त्यांच्या ‘पत्री’ या संग्रहातील देशभक्तीच्या कविता लोकांच्या तोंडी बसू लागल्या, तेव्हा सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. छापील कागद जप्त करता येतो. पाठ झालेले गाणे कोण जप्त करणार?

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन खानदेशातच, फैजपूर येथे भरले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व गावठी साहित्य वापरून तेथील मंडप सजविला. या अधिवेशनासाठी गुरुजी गावोगाव राबले. १९३८ साली अतिवृष्टीने खानदेशातील पिके बुडाली. मुंबई इलाख्यात त्या वेळी काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. तरीही शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजींनी शेतकऱ्यांची बाजू उचलली. त्यांच्यासाठी गाणी रचली, अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालविले. आपल्या माणसांकडे न्याय मागणे परक्याशी झगडण्याहून अवघड असते.

पण त्यांची खरी कसोटी पंढरपुरी लागली. विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर संत चोखोबांची समाधी आहे. चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्यांना शेकडो वर्षे तेथूनच परतावे लागे. हे दार उघडावे म्हणून गुरुजींनी उपोषणाचा निश्चय केला; परंतु आधी लोकांची मने वळवावीत म्हणून ते काही महिने महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर राष्ट्र सेवा दलाचे कलापथक असे. गावच्या चावडीपुढे डफ वाजे, पोवाडा सुरू होई, भोवती माणसे जमत आणि मग गुरुजी बोलत. व्याख्यानाला जो फिरकला नसता, तोही गाणे ऐकावयास येई. कित्येक गावी देवळे व पाणवठे सर्वांस खुले झाले.

पंढरपूरचे दार मात्र बंदच राहिले. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी अन्न वर्ज्य केले. खुद्द गांधीजींनी तारेने उपोषण थांबविण्यास सुचविले. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत, त्यांचाच हा निरोप! गुरुजी व्यथित झाले, पण ढळले नाहीत. प्रकृती खालावत चालली. अखेर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

पुढे १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातील भाषाभगिनींनी एकमेकींस ओळखावे म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. ती पुरती रुजण्यापूर्वीच, ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी गुरुजींची प्राणज्योत मालवली.