आवाज कोणाचा, तबकडी कोणाची?

जुन्या रेकॉर्ड्सचे वेड सध्या पुन्हा जोरात आहे. मुंबईच्या चोर बाजारात लोक धुळीतल्या तबकड्या शोधून विकत घेतात. कोणी आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतो, कोणी दिवाणखान्यात अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर मांडून सुईच्या खरखरीचेही कौतुक करतो. रविवारच्या पुरवण्यांत या आठवणींचे रकानेच्या रकाने भरतात. आमचा या छंदाला विरोध नाही. चांगला आवाज जपला पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. पण या आठवणी वाचताना एक प्रश्न आम्हाला पडतो. तबकडी जपली, तिचे वेष्टन जपले, यंत्रही जपले. ज्याने गायले त्याचे काय झाले?

आपल्या वस्तीत असे दिवाणखाने नव्हते. १४ एप्रिलला मंडपाच्या कर्ण्यावर जी लागेल ती आपली रेकॉर्ड. त्यामुळे हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? म्हणूनच आज आम्ही एका गायिकेची कहाणी सांगणार आहोत. जगभरच्या रेकॉर्डप्रेमींच्या कपाटात तिचे नाव हमखास सापडते. ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातली. तिचे नाव बेसी स्मिथ.

बेसीचा जन्म १८९४ चा, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावचा. गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षे होत आली होती, पण दारिद्र्य आणि वंशभेद तसाच होता. वडील मजुरी करीत आणि जमेल तेव्हा चर्चमध्ये प्रवचन देत. ते लवकर गेले, पाठोपाठ आईही गेली. थोरल्या बहिणीने भावंडांना वाढवले. पोटासाठी बेसी रस्त्यावर उभी राहून गात असे आणि भाऊ गिटार वाजवीत असे. येणारे जाणारे पैसे टाकीत. तिची गाण्याची शाळा ती हीच. १९१२ मध्ये ती एका फिरत्या कंपनीत दाखल झाली, तीही नाचणारी म्हणून. गायिकेची जागा मा रेनी यांची होती. पुढे दक्षिणेतले तंबू आणि नाटकगृहे गाजवत ती स्वतःच्या बळावर वर आली.

ती गात असे त्या प्रकाराला ब्लूज म्हणतात. कापसाच्या शेतात राबणाऱ्या, तुरुंगात खितपत पडणाऱ्या, पुरात घरदार गमावणाऱ्या माणसांचे हे गाणे. पांढरपेशा समाज त्याला हलके समजे. १९२० साली मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची रेकॉर्ड तुफान खपली, तेव्हा कंपन्यांना शोध लागला की काळ्या माणसाच्या खिशातही रेकॉर्डपुरते पैसे असतात. मग त्यांनी या समाजासाठी वेगळी यादी आणि वेगळे क्रमांक काढले. तिला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. म्हणजे तबकड्यांचीही पंगत वेगळी! ज्यांच्या समाजाचा पाणवठा वेगळा होता, त्या आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. १९२१ मध्ये हॅरी पेस या कृष्णवर्णीय उद्योजकाने ‘ब्लॅक स्वान’ ही स्वतःच्या समाजाची रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्या संचालकांत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस होते. निग्रोंच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली गेली, त्याची माहिती घेण्यासाठी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले ते हेच ड्यू बॉईस. अशा या कंपनीने बेसीला नाकारले. तिचा आवाज आणि वागणे त्यांना फार रांगडे वाटले. समाजाची प्रतिष्ठा वाढवायची तर सुसंस्कृत गायिका हवी, असा त्यांचा हिशेब होता. १९२३ च्या अखेरीस ती कंपनी बुडाली. परक्यांनी नाकारले तर आपण लढतो. आपल्यातल्याच शिकलेल्यांनी नाक मुरडले तर कुठे दाद मागायची? आपल्याकडे जलशाच्या कलावंतांना काही सुशिक्षितांच्या घरी कोणती वागणूक मिळाली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

अखेर फेब्रुवारी १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये बेसीची पहिली रेकॉर्ड केली. सहा महिन्यांत तिच्या ७,८०,००० प्रती खपल्याचे सांगतात. करार कसा होता? एका गाण्यामागे १२५ डॉलर रोख, पुढे त्यात थोडी वाढ. रॉयल्टीचे कलम करारातून खोडलेले. तबकडी दहा हजार खपो की दहा लाख, बेसीला जादा छदामही नाही. तिने या कंपनीसाठी सुमारे १६० गाणी गायली. जानेवारी १९२५ मध्ये तर लुई आर्मस्ट्राँग तिच्या साथीला होता. सगळा नफा कंपनीचा, गाण्यांवरची मालकीही कंपनीची.

तरी बेसी लाचार झाली नाही. दौऱ्यांतून ती आठवड्याला दीड-दोन हजार डॉलर मिळवी. दक्षिणेत काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून १९२५ मध्ये तिने चक्क रेल्वेचा एक डबा विकत घेतला. संपूर्ण ताफा त्यातच राही, जेवी, झोपी जाई. जुलै १९२७ मध्ये उत्तर कॅरोलिनात कू क्लक्स क्लॅनचे बुरखेधारी तिचा तंबू पाडायला आले. ताफ्यातल्या वादकांच्या आठवणीनुसार बेसी एकटी बाहेर गेली, त्यांच्यापुढे उभी राहिली आणि शिव्या देऊन तिने त्यांना पिटाळून लावले. मग आत येऊन तिने कार्यक्रम पूर्ण केला.

१९२९ ची मंदी आली. रेडिओ आणि बोलपटांनी रेकॉर्डचा धंदा बसवला. १९३१ मध्ये कोलंबियाने तिला सोडले. नोव्हेंबर १९३३ मध्ये तिने शेवटची चार गाणी रेकॉर्ड केली, दर गाण्याला साडेसदतीस डॉलर या दराने.

२६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ तिच्या मोटारीला अपघात झाला. उजवा हात जवळजवळ तुटला आणि त्याच सकाळी ती गेली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दारातून परत पाठवले, अशी कथा पुढे जगभर पसरली. त्यावर नाटकही झाले. ती कथा खरी नाही. तिला थेट कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयात नेले होते. पण खरी गोष्ट त्या कथेहून अधिक भयंकर आहे. गोऱ्यांच्या रुग्णालयाला नकार द्यावाच लागला नाही, कारण काळ्या बाईला तिथे न्यावे हे त्या काळी कोणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते. व्यवस्था पक्की झाली की दारावर पहारा लागत नाही.

फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. पण थडग्यावर नावाचा दगड नव्हता. तेहतीस वर्षे नव्हता! दरम्यान गोरे संग्राहक दक्षिणेतल्या काळ्या वस्त्यांत दारोदार फिरून जुन्या ब्लूजच्या तबकड्या चिल्लर पैशांत गोळा करीत होते. १९७० साली कोलंबियाने बेसीची सगळी गाणी नव्या एलपींवर काढायला सुरुवात केली आणि ती घरोघरच्या स्टिरिओवर वाजू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थडग्यावर दगड बसला. तो कंपनीने बसवला नाही. गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी साफसफाई केलेल्या ज्युआनिटा ग्रीन या दोघींनी पैसे भरले. पुढे बेसीच्या दत्तक मुलाने हक्काच्या पैशासाठी कंपनीवर दावा लावला. १९७९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कारण? फार उशीर झाला!

आमचे म्हणणे इतकेच आहे. रेकॉर्डची आठवण काढणे सोपे आहे, रेकॉर्डचा हिशेब मागणे अवघड आहे. ज्या समाजाकडे कपाट नव्हते, त्याच्या आवाजाने दुसऱ्यांची कपाटे भरली. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कवी, संगीतकार, गायक यांच्या रॉयल्टीच्या हक्काला कायद्याचे बळ मिळाले. पण हक्क सांगायला आधी नाव सिद्ध करावे लागते. आपल्या माळ्यावर, पेटीत, जुन्या मंडळाच्या खोलीत भीमगीतांच्या तबकड्या आणि कॅसेटी पडून असतील. त्या काढा. शब्द कोणाचे, गळा कोणाचा, ढोलकी कोणाची, हे ज्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे त्यांना विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. मंडपात रेकॉर्ड लावण्याआधी ती नावे माईकवरून सांगा. आपल्या कलावंताच्या नावाचा दगड बसायला तेहतीस वर्षे लागता कामा नयेत.