डोळ्यांविना आखलेले रस्ते

पावसाळ्यात शहापूरकडून कसारा घाट चढताना किंवा मुरबाडहून माळशेजकडे जाताना रस्ता कुठे खचला आहे, हे गाडीतल्या प्रत्येकाला कळते. अंधारात तर ते डोळ्यांच्या आधी पाठीला कळते! रस्त्याखालची जमीन कशी आहे, पाणी कुठून येते आणि कुठे मुरते, यावर रस्त्याचे आयुष्य ठरते. यातले बरेचसे वरून दिसत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुमारे १८० मैल, म्हणजे जवळपास २९० किलोमीटर रस्ते बांधणारे जॉन मेटकाफ यांना तर काहीच दिसत नव्हते. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती.

मेटकाफ यांचा जन्म १७१७ साली यॉर्कशायरमधील नेअर्सबरो या गावी एका गरीब घरात झाला. त्यांचे डोळे देवीच्या साथीने नेले. देवीचे फोड उठत तेव्हा अनेकदा बुबुळावरील पारदर्शक पडद्याला जखम होई, ती भरताना पांढरा डाग पडे आणि प्रकाशाची वाट कायमची बंद होई. जेनर यांची लस यायला तेव्हा सत्तरहून अधिक वर्षे होती. आपल्याकडेही देवीने असे असंख्य डोळे घेतले. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ सालचा.

घरच्यांनी या मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही, आणि पुढची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. तो गल्लीबोळांतून एकटा हिंडू लागला, इतर मुलांबरोबर झाडांवर चढला, नदीत पोहायला शिकला, घोड्यावर बसला. पडला, खरचटला, पुन्हा उठला. पोटापाण्यासाठी त्याला व्हायोलिन शिकवले होते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास हॅरोगेटच्या एका खाणावळीत तो वाजवू लागला. पुढे मेटकाफ यांनी घोड्यांची खरेदी-विक्री केली, मासे विकले, मालवाहू गाड्या चालवल्या. वाटसरूंना रात्री वाट दाखवण्याचे कामही ते करत. एकदा लंडनहून परतताना एका कर्नलने त्यांना आपल्या घोडागाडीत जागा देऊ केली. त्यांनी ती नाकारली, पायी निघाले आणि गाडीच्या आधी हॅरोगेटला पोहोचले. त्या काळचे रस्ते किती वाईट होते, हेही त्यावरून कळते.

१७६५ मध्ये त्या भागात पथकराचे नवे रस्ते बांधायचे ठरले. मेटकाफ यांनी सुमारे पाच किलोमीटरच्या तुकड्याचे काम मागितले आणि ते त्यांना मिळाले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. हातात लांब काठी घेऊन ते एकटेच नियोजित वाटेवरून चालत. पायाला चढ-उतार कळे, काठीच्या टोकाला माती मऊ की मुरमाड हे कळे, काठी आपटल्याच्या आवाजावरून खाली दगड आहे की ओल याचा अंदाज येई. या सगळ्याचा नकाशा त्यांच्या डोक्यात तयार होई. दगड, मजूर आणि खर्चाचा हिशेबही ते मनातच करत. आपली पद्धत दुसऱ्याला समजावून सांगणे मात्र त्यांना जमत नसे.

त्यांच्या रस्त्यांचे सूत्र साधे होते. पाया भक्कम हवा, मधला भाग किंचित उंच हवा आणि दोन्ही बाजूंना चर हवेत, म्हणजे पाणी रस्त्यावर थांबत नाही. हडर्सफील्ड ते मँचेस्टर मार्गावर डोंगरमाथ्याची दलदल आडवी आली. इथे रस्ता टिकणार नाही, असे इतरांचे मत होते. मेटकाफ यांनी रानझुडपांच्या मोळ्या बांधून त्या ओळीने, एकमेकींवर आडव्या-उभ्या रचल्या आणि वर दगड व खडी दाबली. त्या तराफ्यावर रस्ता उभा राहिला आणि टिकलाही. १७९२ साली त्यांनी काम थांबवले. १८१० मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे कान जन्मतः वेगळे होते, असे मानण्याचे कारण नाही. दृष्टी गेलेल्या माणसाला निसर्ग आपोआप तीक्ष्ण कान देत नाही. ते सरावाने घडतात. बोटांनी ब्रेल वाचणाऱ्या अंध व्यक्तींच्या मेंदूच्या तपासण्यांत, एरवी पाहण्याचे काम करणारा मागचा भाग स्पर्शाच्या वेळी जागा झालेला दिसला आहे. म्हणजे मेंदू ती जागा रिकामी ठेवत नाही, दुसऱ्या कामाला लावतो. अंतर, दिशा, उतार, आकार यांचा विचार करायला डोळे हा एकच मार्ग नाही. पण हा बदल घडायला मुलाला हिंडावे, चाचपावे, चुकावे लागते. लहानपणी सुरुवात झाली तर तो अधिक सहज होतो.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर देवीची भीती आता नाही. पण कुपोषित बाळाला गोवर झाला आणि 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असली, तर त्याच पारदर्शक पडद्याला आजही इजा होऊ शकते. म्हणून नवव्या महिन्यातली गोवर-रुबेला लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नये. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी हा डोस घ्यावा. लाल किंवा पांढरट झालेल्या डोळ्यात पाल्याचा रस, मध किंवा दूध घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

आणि ज्या मुलाची दृष्टी गेलीच आहे, त्याला ओसरीवर बसवून ठेवू नये. जपण्याच्या नावाखाली त्याची दुसरी वाटही बंद होते. हाताशी काठी द्यावी, घरापासून विहिरीपर्यंतची पावले मोजू द्यावीत, शेताच्या बांधावरून चालू द्यावे, शाळेत पाठवावे. मेटकाफ यांना घरातून मिळालेली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे उंबऱ्याबाहेर जाण्याची मोकळीक. ती द्यायला औषध लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.