कोल्हापूरच्या महाराजांचे ‘वेड’

निवडणुकीचे वारे वाहू लागले की पेडण्याच्या बाजारात काय किंवा डिचोलीच्या बसस्थानकावर काय, प्रतिपक्षाच्या पुढाऱ्याचे डोके फिरले आहे, असे निदान कोणीही करतो. बाजारातल्या या बोलण्याला आमची हरकत नाही. परंतु हेच निदान वैद्यकीय संज्ञांची झूल पांघरून वृत्तपत्रांच्या स्तंभांतून आणि दूरचित्रवाणीच्या चर्चांतून होऊ लागते, तेव्हा घाटापलीकडच्या एका अल्पायुषी राजाचे स्मरण आम्हांस होते.

1870 साली कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्या मागे 1871 साली दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते. गादी मिळाली, सत्ता इंग्रजांच्या आणि कारभाऱ्यांच्या हाती राहिली. हा मुलगा वयात येऊ लागला तोच त्याचे चित्त ठिकाणावर नाही, असे सरकारी गोटातून सांगण्यात येऊ लागले.

पुण्यास याच्या नेमका उलट निर्णय झाला. महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरविले जात आहे, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी मांडले. ‘केसरी’ने तर महाराजांना हॅम्लेटची उपमा दिली. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावावरची काही पत्रेही छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रे बनावट ठरली, आणि दिलगिरी व्यक्त करूनही जुलै 1882 मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. दोघांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. महाराजांविषयीची कळकळ खरीच होती. तथापि शेकडो मैलांवरून, ऐकीव माहितीवर आणि नाटकातल्या राजपुत्राच्या आधाराने जिवंत माणसाच्या मनाचा निवाडा करता येतो काय? न्यायालयापुढे प्रश्न आला तो पत्रांचा आणि दिवाणांच्या अब्रूचा. महाराजांच्या प्रकृतीचा नव्हे.

अमेरिकेत 1964 साली एका नियतकालिकाने गोल्डवॉटर या अध्यक्षपदाच्या उमेदवाराची मानसिक पात्रता मनोविकारतज्ज्ञांकडून टपालाने ठरवून घेतली होती. 1189 तज्ज्ञांनी, त्यांना न तपासता, अपात्र असा कौल दिला! गोल्डवॉटर यांनी खटला जिंकला, आणि तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली असल्या निदानास मनाई करणारा नियम केला. आपल्याकडेही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे कोणाचाही मनोविकार त्याच्या राजकीय स्थानावरून ठरविता येत नाही, आणि उपचार घेणाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वृत्तपत्रांना देता येत नाही.

शिवाजी महाराजांना असे छत्र कोठले? महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहाऱ्यात ठेवले गेले. राज्याचा कारभार कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्याकडे सोपविण्यात आला. 25 डिसेंबर 1883 रोजी त्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, महाराजांचा अंत झाला. वय 20 वर्षांचे. पुढल्याच वर्षी जयसिंगरावांचे चिरंजीव यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. तेच राजर्षी शाहू महाराज.