भास्कराचार्य : नुसतं उत्तर नको, कारण सांगा

मित्रांनो, फर्स्ट इयरला मेकॅनिक्सची गणितं आपण कशी सोडवतो? फॉर्म्युला शोधायचा, आकडे टाकायचे, उत्तर जुळलं की पान उलटायचं. मग व्हायवाला सरांनी विचारलं की हे बल इकडेच का दाखवलं, की आपली दांडी गुल! साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात असं उत्तर अजिबात न चालवून घेणारे एक शिक्षक होऊन गेले. ते म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. हे गाव आजचं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. आपल्या आटगाव स्टेशनातून जाणारा रूळच कसारा घाट चढून नाशिक, मनमाड करत चाळीसगावला पोचतो.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ लिहिला. त्याचे भाग चार : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीतली गणितं आजही मजा आणतात. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरकी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा. मग गाठ कुठे पडेल? पायथागोरस लावून बघा, बिळापासून १२ हातांवर.

खरी मेजवानी मात्र गोलाध्यायात आहे. पृथ्वी कशावर टेकली आहे? त्या काळी कोणी शेष सांगे, कोणी कासव. भास्कराचार्यांचा सवाल सरळ होता. एका आधाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असं किती मोजणार? शेवटचा आधार स्वतःच्या बळावर राहतो म्हणायचं, तर मग पृथ्वीच तशी का राहू नये? पृथ्वीत ओढून घेण्याची शक्ती आहे, तिच्यामुळे जड वस्तू तिच्याकडे येते आणि आपल्याला ती पडल्यासारखी दिसते, असं त्यांनी मांडलं. चारी बाजूंना आकाश सारखंच असताना पृथ्वीने पडायचं तरी कुठे?

पृथ्वी सतत खाली पडते आहे, असंही एक मत होतं. त्यावर त्यांनी विचारलं, मग वर फेकलेली वस्तू परत जमिनीवर येते कशी? आपल्या भाषेत सांगायचं तर दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये सोडलेला चेंडू तळाला टेकत नाही. रिलेटिव्ह मोशनचा हा झकास प्रश्न आहे.

पण म्हणून न्यूटनच्या आधीच सगळं आपल्याकडे होतं, असं छातीठोकपणे सांगू नये. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, हा हिशेब न्यूटनने १६८७ च्या प्रिन्सिपियात दिला. तो गोलाध्यायात नाही. याच ग्रंथात पोकळ आऱ्यांत पारा भरलेलं, आपोआप फिरत राहणारं चाकही आहे. ते चालणार नाही, हे ऊर्जेचा नियम शिकलेला आजचा विद्यार्थी सांगेल. दुसरीकडे, चंद्रासारख्या झपाट्याने गती बदलणाऱ्या ग्रहासाठी दिवसाची सरासरी पुरत नाही, त्या क्षणाची गती हवी, हे त्यांनी ओळखलं. ज्येतला बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हेही त्यांनी वापरलं. म्हणजे साइनचं डिफरन्शिएशन कोसाइन, याच्या अगदी उंबरठ्यावर!

ग्रहगणित आणि गोलाध्याय यांवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहिलं. त्यात रीतीमागची उपपत्ती, म्हणजे कारण, उलगडून दाखवलं. उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही, असं त्यांचं मत होतं. आपल्या व्हायवाचा नियम याहून वेगळा आहे का?

११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. पुढे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ काढला. १२०७ चा तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याच्या शेवटी मठाला दिलेल्या दानाचा मजकूर चक्क जुन्या मराठीत आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढचं गणित घेताना आधी फ्री बॉडी डायग्राम काढा. प्रत्येक बाण कोणी ओढला म्हणून आला, हे रूममेटला तोंडी सांगून बघा. सांगता आलं, तर समजा की गणित सुटलं. आकडे काय, कॅल्क्युलेटरही काढतो.