नेच्यांचे वैद्य : डॉ. नथॅनिएल वॉर्ड

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत नेचा पाहावयाचा तर जुन्या विहिरींत वांकून पाहावें लागतें. ओलसर चिऱ्यांच्या सांधींत हंसराजाचीं नाजूक पानें हालत असतात. पण तेंच झाड कौतुकानें घरीं कुंडींत लाविलें, कीं वैशाखाच्या झळांनीं करपून जातें. नेच्याचा वैरी एकटें ऊन नव्हे, कोरडी हवाहि होय. तिच्यावर ज्यांना तोड सांपडली, त्या लंडनच्या वैद्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांचा जन्म १७९१ सालीं झाला. वडील वैद्य होते. तेराव्या वर्षीं मुलानें जमेकाचा समुद्रप्रवास केला आणि तेथील वनश्रीचें वेड त्यास जन्माचें लागलें. पुढें तेहि वैद्य झाले व पूर्व लंडनांतील गोदीजवळच्या दाट वस्तींत राहूं लागले. अंगणांत त्यांनीं हौसेनें नेचे लाविले. पण दगडी कोळशाच्या धुरानें ते मरून गेले.

१८२९ सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत पुरून, बाटलींत ठेवून वर झांकण लाविलें. त्यांचें लक्ष कोशाकडे. निसर्गाचें मात्र दुसरेंच कांहीं चाललें होतें! दिवसा मातींतील ओल वाफ होऊन काचेवर जमे, आणि तिचे थेंब पुनः मातींत उतरत. त्या ओलाव्यावर एक नेचा व एक गवताचें रोप उगवलें. बाटली खिडकीबाहेर ठेविली. पाण्याचा थेंबहि न घालतां तीं दोन्हीं जवळजवळ चार वर्षें जगलीं. शेवटीं वॉर्ड परगांवीं असतां झांकण गंजलें, पावसाचें पाणी आंत शिरलें आणि तीं कुजून गेलीं.

आमच्या वाचकांस हा प्रयोग लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणींत करितां येईल. तळाशीं खडे व कोळशाचा चुरा, वर पानांचें खत मिसळलेली माती, आणि पाणी अगदीं बेताचें. बरणी उजेडांत असावी, उन्हांत नव्हे. नाहींतर झाड आंतल्याआंत शिजेल! काच सदा धुरकट दिसली तर झांकण घटकाभर काढावें.

१८३३ सालीं नेचे व गवतें भरलेल्या दोन काचपेट्या वॉर्ड यांनीं जहाजानें सिडनीस पाठविल्या. त्या सुखरूप पोंचल्या व परततांना तिकडचीं जिवंत झाडें घेऊन आल्या. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधून चहाचीं हजारों रोपें हिमालयाच्या उतारांवर आणविलीं, तीं अशाच पेट्यांतून.

१८४२ सालीं वॉर्ड यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला. धुरांत कोंडलेल्या गरिबाच्या खिडकींतहि हिरवें पान दिसावें, ही त्यांची तळमळ होती. परंतु काच महाग. तिच्यावरील कर १८४५ पर्यंत उठला नाहीं. पेटी शोभली ती बहुधा सुखवस्तु लोकांच्या दिवाणखान्यांत, आणि नेच्यांचें वेड इतकें माजलें कीं इंग्लंडांतील कित्येक राना-दऱ्यांतून ते ओरबाडले गेले. हें आम्हांस फार खेदाचें वाटतें. १८५२ सालीं रॉयल सोसायटीनें वॉर्ड यांस सभासद करून घेतलें. उतारवयांत ते क्लॅपहॅम येथें आपल्या बागेंत रमले, आणि १८६८ च्या जूनमध्यें वारले.