वज्रेश्वरीचा नवस आणि श्रीमंत चिमाजीअप्पा

आपल्या वसई परिसरात देवळाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली की श्रीमंत चिमाजीअप्पांचे नाव आपोआप ओठांवर येते. वसईचा विजय सर्वांना ठाऊक आहे. परंतु किल्ला जिंकणाऱ्या या पुरुषाचा देवळांशी व बांधकामाशी असलेला संबंध तितकासा सांगितला जात नाही. प्रस्तुत प्रसंगी त्याचे स्मरण उचित ठरेल.

अप्पांचा जन्म इ. स. १७०७ मधील. वडील बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. छत्रपती शाहू महाराजांनी १७१३ साली त्यांना पेशवेपद दिले. मातोश्री राधाबाई. थोरले बंधू बाजीराव हे अप्पांपेक्षा सात वर्षांनी वडील. १७२० साली पितृछत्र हरपले व बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेव्हापासून हे दोघे बंधू रामलक्ष्मणाप्रमाणे वागले. बाजीराव दूरच्या मोहिमांवर असत आणि घरची व्यवस्था, पैशाची तजवीज व कोकणची बाजू अप्पा सांभाळीत. ते स्वतः रणांगणातही कमी नव्हते. १७२८ साली माळव्यात आमझेरा येथे त्यांनी मोठा विजय मिळविला. १७३६ साली कोकणात सिद्दी सात यास लढाईत ठार केले. प्रकृती मात्र प्रथमपासून नाजूक होती. १७३० साली पुत्र सदाशिवाचा जन्म झाला आणि त्याच वर्षी पत्नी रखमाबाई निवर्तल्या. हाच मुलगा पुढे पानिपतावर १७६१ साली कामी आलेले सदाशिवरावभाऊ होत.

वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली व सुमारे दोनशे वर्षे त्यांच्या ताब्यात राहिली. त्या काळात या भागातील अनेक जुनी देवळे पाडली गेली. लोकांना उघडपणे देवधर्म करणे कठीण झाले. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अंजूरचे गंगाजी नाईक अशा स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे गाऱ्हाणे नेले. १७३७ साली मोहीम सुरू होऊन ठाणे व साष्टी मराठ्यांकडे आली.

त्याच साली आपल्या अर्नाळा बेटावर मराठ्यांचा अंमल बसला व तेथे किल्ला उभा राहिला. बाजीरावांच्या आज्ञेने शंकराजी केशव यांनी हे काम करविले व बाजी तुळाजी यांनी ते बांधून काढले, अशी नोंद दरवाजावरील शिलालेखात आहे. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ व त्याच्यासमोर अष्टकोनी तळे आहे. तट शत्रूसाठी, तळे तहानेसाठी, देऊळ मनाच्या आधारासाठी. चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर माणसाला काय काय लागेल, याचा त्या बांधणाऱ्यांनी पुरा विचार केलेला दिसतो.

वसईचा किल्ला मात्र सहज हाती येणारा नव्हता. त्याच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी व दलदल. केवळ उत्तरेस जमीन. तटाला दहा बुरुज असून ते बाहेर कोन काढून बांधलेले आहेत. त्यामुळे एका बुरुजाच्या पायथ्याशी कोणी आले, तर शेजारच्या बुरुजावरून त्याच्यावर मारा करता येई. शिड्या लावून चढण्याचे पहिले प्रयत्न याच कारणाने फसले व पुष्कळ माणसे गेली. १७३९ च्या आरंभी माहीम व तारापूर घेऊन अप्पा जातीने वसईस आले. ज्या तटावर चढता येत नाही तो पायातून उखडावा लागतो, हे जाणून उत्तरेच्या बाजूने मोर्चे पुढे नेऊन बुरुजांखाली सुरुंग खणण्यात आले. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत आणि आपलेच लोक ढासळत्या दगडांखाली सापडले. तरीही माघार झाली नाही. आपले मस्तक तरी तोफेतून किल्ल्यात पडावे, असे अप्पा निर्वाणीने म्हणाल्याची आख्यायिका आहे. अखेर मे १७३९ मध्ये सेबास्तियन बुरुजास खिंडार पडले आणि पोर्तुगीज शरण आले.

विजयानंतरचे अप्पांचे वर्तन लक्षात ठेवण्याजोगे आहे. पराभूतांना आठ दिवसांची मुदत देऊन शस्त्रे व वाद्यांसह सन्मानाने जाऊ दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली. या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या मोठमोठ्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. भीमाशंकर व नाशिकचे नारोशंकराचे देऊळ ही त्यांतील प्रसिद्ध ठिकाणे.

मोहिमेच्या वेळी वडवली येथे मुक्काम असता अप्पांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला होता, असे परंपरेने सांगतात. वसई मिळाल्यास देवीचे राऊळ बांधीन, असा तो नवस. त्याप्रमाणे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकरवी देऊळ उभे राहिले. टेकडीवरचे हे देऊळ पाहणाऱ्यास प्रथम किल्लाच वाटतो. भोवती दगडी तट, दाराशी नगारखाना आणि चढून जाण्यास बावन्न पायऱ्या. आत गाभारा, त्यापुढे आणखी एक दालन व त्याच्यापुढे खांबांचा मंडप. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधल्याचे सांगतात. म्हणजे नवस एकाचा, देखरेख दुसऱ्याची व पुढची भर तिसऱ्याची.

अप्पांना या विजयानंतर जेमतेम दीड वर्षाचे आयुष्य लाभले. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडी येथे निवर्तले. तो घाव नाजूक प्रकृतीस सोसला नाही. त्याच साली १७ डिसेंबर रोजी पुणे येथे अप्पांनी देह ठेवला. वय अवघे तेहतीस. मुठेच्या काठी ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे आणि वसईच्या किल्ल्यात त्यांचा अश्वारूढ पुतळा.

या चरित्रापासून आपल्या गावाने घेण्यासारखे पुष्कळ आहे. देऊळ म्हणजे नुसते दगड, चुना व सिमेंट नव्हे. गाभारा लहान व शांत असतो, कारण तेथे एकेकट्याने देवापुढे उभे राहावयाचे असते. सभामंडप प्रशस्त असतो, कारण तेथे सारा गाव भजनाला बसावयाचा असतो. पायऱ्या माणसाचा वेग कमी करतात आणि दीपमाळ दूरच्या वाटसरूला गाव दाखविते. जीर्णोद्धारात जुन्याची जागा नवे घेते, तेव्हा हा प्रत्येक भागाचा हेतू शाबूत राहिला पाहिजे. कळस कितीही उंच झाला आणि मंडपात म्हातारीकोतारी मंडळी सावलीला बसू शकली नाहीत, तर काम अपुरेच म्हणावे लागेल.

ज्यांनी या कार्यास यथाशक्ती द्रव्य, धान्य वा श्रम दिले, त्यांतील काही वडीलधाऱ्यांना ते पूर्ण झालेले पाहण्याचे भाग्य कदाचित लाभणार नाही. परंतु नवस करणाऱ्याच्या मागून त्याचा नवस फेडणारे हात असले, तर ते दान वाया जात नाही. अप्पांच्या स्मृतीस वंदन करून असे हात आपल्या गावात पिढ्यान् पिढ्या राहोत, हीच देवाचरणी प्रार्थना.