जॉन केमेनी

जॉन जॉर्ज केमेनी (मूळ हंगेरियन नाव: केमेनी यानोश ग्यॉर्ग्य, जन्म: ३१ मे १९२६, बुडापेस्ट, मृत्यू: २६ डिसेंबर १९९२, न्यू हॅम्पशायर) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ, संगणकतज्ज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ होते. थॉमस कर्ट्झ यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये बेसिक ही प्रोग्रॅमिंग भाषा निर्माण केली. डार्टमथ महाविद्यालयाचे ते तेरावे अध्यक्ष होते. थ्री माइल आयलंड येथील अणुवीज प्रकल्पातील अपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. संगणकापुढे बसणारी व्यक्ती तज्ज्ञ नसली तरी तिला यंत्राशी बोलता आले पाहिजे, हा विचार त्यांच्या संगणकविषयक कार्याच्या मुळाशी होता.

बालपण आणि स्थलांतर

केमेनी यांचा जन्म बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर हंगेरीतील ज्यूंवरही संकट येणार, हे ओळखून त्यांचे वडील १९३८ मध्ये एकटेच अमेरिकेला गेले. १९४० मध्ये त्यांनी कुटुंबाला न्यूयॉर्कला बोलावून घेतले. केमेनी यांच्या आजोबांनी मायदेश सोडण्यास नकार दिला. पुढे झालेल्या ज्यूंच्या संहारात आजोबांसह काही जवळचे नातेवाईक मारले गेले.

अमेरिकेत आले तेव्हा केमेनी यांना इंग्रजी जेमतेम येत होते. तरीही तीन वर्षांनी न्यूयॉर्कमधील जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधून ते वर्गात पहिले येऊन उत्तीर्ण झाले. १९४३ मध्ये त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात प्रवेश घेतला.

शिक्षण आणि लॉस अलामोस

प्रिन्स्टनमध्ये केमेनी यांनी गणित आणि तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिक्षणात एक वर्षाचा खंड पडला आणि त्यांना लॉस अलामोस येथे अणुबाँबनिर्मितीच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम करावे लागले. तेथील गणनविभागात रिचर्ड फाइनमन हे त्यांचे वरिष्ठ होते. आकडेमोडीसाठी हिशेबाच्या कामाची, छिद्रित कार्डांवर चालणारी आयबीएमची यंत्रे वापरली जात आणि ती रात्रंदिवस चालू असत. एखाद्या समीकरणाचे उत्तर मिळण्यास कित्येक आठवडे लागत. आज्ञावली यंत्राच्या स्मृतीतच साठवण्याची कल्पना केमेनी यांनी येथेच जॉन फॉन नॉयमन यांच्या व्याख्यानात प्रथम ऐकली.

युद्धानंतर प्रिन्स्टनला परतून त्यांनी तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. पदवी मिळवली. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात त्यांनी अल्बर्ट आइनस्टाइन यांचे गणिती साहाय्यक म्हणूनही काम केले. १९५० मध्ये जीन अलेक्झांडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

डार्टमथमधील अध्यापन

१९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, केमेनी न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर येथील डार्टमथ महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी ते विभागप्रमुख झाले आणि १९६७ पर्यंत त्या पदावर राहिले. लॉरी स्नेल आणि जेराल्ड थॉम्पसन यांच्यासह लिहिलेले त्यांचे सांत गणितावरील पाठ्यपुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. तर्कशास्त्र, संभाव्यता आणि आव्यूह हे विषय सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा होता. स्नेल यांच्यासह १९६० मध्ये लिहिलेला सांत मार्कोव्ह साखळ्यांवरील ग्रंथही संदर्भग्रंथ म्हणून मान्यता पावला.

१९५६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ थॉमस कर्ट्झ डार्टमथमध्ये आले. त्या वेळी महाविद्यालयाकडे स्वतःचा संगणक नव्हता. छिद्रित कार्डे पेटीत भरून रेल्वेने बोस्टनला न्यायची, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संगणकावर चालवायची आणि निकाल घेऊन परतायचे, असा क्रम होता. आज्ञावलीत एका चिन्हाची चूक असली तरी ती दुरुस्त करण्यासाठी पुढच्या फेरीची वाट पाहावी लागे. १९५९ मध्ये डार्टमथने एलजीपी-३० हा छोटा संगणक घेतला. काही पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी त्यावर उत्तम भाषांतरक आज्ञावल्या लिहिल्या. संधी मिळाल्यास विद्यार्थी हे काम करू शकतात, याची खात्री केमेनी यांना तेव्हा पटली. १९६२ मध्ये त्यांनी सिडनी मार्शल या विद्यार्थ्याच्या साहाय्याने डोप नावाची अतिसुलभ भाषा प्रायोगिक स्वरूपात तयार केली.

बेसिकची निर्मिती

डार्टमथमधील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाचे नव्हते. पुढे शासन आणि उद्योगांत निर्णय घेणाऱ्या या विद्यार्थ्यांना संगणकाचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला पाहिजे, असे केमेनी आणि कर्ट्झ यांचे मत होते. तथापि कार्डे खिडकीत देऊन दुसऱ्या दिवशी उत्तर नेण्याच्या पद्धतीत हे शक्य नव्हते. एकाच संगणकाचा वेळ अनेकांत क्षणाक्षणाने वाटून देण्याची, म्हणजेच टाइम शेअरिंगची, कल्पना जॉन मॅकार्थी यांनी कर्ट्झ यांना सुचवली. तिच्या आधारे दोघांनी नवी व्यवस्था आखली आणि तिच्यासाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे अनुदान मिळवले.

१९६३ मध्ये केमेनी यांनी बेसिकचा कम्पायलर लिहिण्यास सुरुवात केली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा जीई-२२५ हा संगणक १९६४ च्या प्रारंभी हॅनोव्हरला आला. त्याच्या जोडीला डेटानेट-३० हे यंत्र होते. वापरणाऱ्यांशी संपर्क ठेवण्याचे काम डेटानेट-३० करी, तर आकडेमोड मुख्य संगणक करी. जॉन मॅकगीची आणि मायकेल बुश या पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी या व्यवस्थेची नियंत्रक आज्ञावली लिहिली. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास कॉलेज हॉलच्या तळघरात बेसिकमधील आज्ञावल्या प्रथमच एकाच वेळी दोन टर्मिनलांवरून चालवण्यात आल्या. त्याच वर्षी शरद ऋतूत शेकडो विद्यार्थी ही व्यवस्था वापरू लागले.

कन्सोलची रचना

बेसिकमध्ये भाषा आणि कन्सोल यांचा विचार एकत्र केलेला होता. टर्मिनल म्हणून टेलिटाइप यंत्रे वापरली जात. त्यांना पडदा नव्हता. सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने ती कागदाच्या गुंडाळीवर मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरे छापत. या मर्यादित साधनावर केमेनी आणि कर्ट्झ यांनी संवादाची पुढील पद्धत बसवली.

विद्यार्थ्याने ‘हॅलो’ हा शब्द टंकून कामास आरंभ करावयाचा असे. नवी आज्ञावली लिहिण्यासाठी ‘न्यू’, जतन केलेली परत आणण्यासाठी ‘ओल्ड’, छापून पाहण्यासाठी ‘लिस्ट’, चालवण्यासाठी ‘रन’ आणि जतन करण्यासाठी ‘सेव्ह’ हे शब्द होते. यंत्र मोकळे झाले की ‘रेडी’ असे छापून तसे कळवी. काही सांकेतिक अक्षरे पाठ करण्याऐवजी रोजच्या बोलण्यातले शब्द वापरता येत असल्याने कला शाखेचा विद्यार्थीही तासाभरात यंत्राशी परिचित होत असे.

आज्ञावलीतील प्रत्येक ओळीच्या आरंभी क्रमांक असे. हा क्रमांक उडी मारण्याचे ठिकाण दाखवी आणि संपादनाचेही काम करी. त्याच क्रमांकाने नवी ओळ लिहिली की जुनी ओळ बदले. नुसता क्रमांक लिहिला की ती ओळ पुसली जाई. मधल्या क्रमांकाची ओळ शेवटी टंकली तरी यंत्र तिला योग्य जागी बसवी. क्रमांक नसलेली ओळ ही यंत्राला दिलेली तात्काळ आज्ञा मानली जाई. त्यामुळे आज्ञावली लिहिणे आणि यंत्राला हुकूम देणे या दोन गोष्टींतील भेद शिकवण्यासाठी वेगळ्या पाठाची गरज उरली नाही.

मूळ बेसिक हा कम्पायलर होता, इंटरप्रिटर नव्हे. तथापि ‘रन’ म्हणताच संपूर्ण आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होऊन ती लगेच चाले. यंत्रभाषेतील रूप काम संपल्यावर टाकून दिले जाई आणि विद्यार्थ्याला ते कधीही दिसत नसे. आपण लिहिलेल्या ओळीच यंत्र वाचत आहे, असा त्याचा अनुभव असे. पूर्णांक आणि दशांश संख्या यांतील भेदही भाषेने वापरणाऱ्यापासून दूर ठेवला. आज्ञावली चालू असताना वापरणाऱ्याकडून माहिती मागणारे ‘इनपुट’ हे विधान १९६६ मध्ये जोडले गेले आणि त्यानंतर आज्ञावली स्वतः वापरणाऱ्याला प्रश्न विचारू लागली.

डार्टमथमध्ये संगणकाचा वापर ग्रंथालयाप्रमाणे खुला ठेवण्यात आला. विद्यार्थ्याला शुल्क द्यावे लागत नसे आणि कामाचे कारणही सांगावे लागत नसे. काही वर्षांतच बहुसंख्य विद्यार्थी शिक्षणकाळात संगणक वापरू लागले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानव आणि संगणक यांच्यावरील पुस्तकात केमेनी यांनी घरोघरी टर्मिनले पोहोचतील, असे भाकीत केले.

महाविद्यालयाचे अध्यक्षपद

१९७० ते १९८१ या काळात केमेनी डार्टमथचे अध्यक्ष होते. त्यांच्या कार्यकाळात, १९७२ मध्ये, दोनशे वर्षे केवळ पुरुषांसाठी असलेल्या या महाविद्यालयात स्त्रियांना पदवीसाठी प्रवेश मिळू लागला. अमेरिकेतील मूलनिवासी समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष प्रयत्न करण्यात आले. या निर्णयांना माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाचा विरोध होता. अध्यक्षपदावर असतानाही केमेनी यांनी अध्यापन सोडले नाही.

थ्री माइल आयलंड चौकशी आयोग

२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्पात गंभीर अपघात झाला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नेमलेल्या बारा सदस्यांच्या चौकशी आयोगाचे अध्यक्षपद केमेनी यांच्याकडे आले. आयोगाचा अहवाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सादर झाला.

अहवालाचा काही भाग नियंत्रणकक्षाच्या रचनेविषयी होता. अपघाताच्या पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोकासूचना एकाच वेळी सुरू झाल्या. त्यांतील महत्त्वाच्या कोणत्या, हे ओळखण्याची सोय नव्हती. उघडी राहिलेली झडप बंद झाल्याचे कर्मचाऱ्यांना वाटले, कारण फलकावरील दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता. झडप बंद करण्याचा संकेत गेला आहे की नाही, एवढेच तो दाखवत होता. काही आवश्यक निर्देशक तर कर्मचाऱ्यांना सहज दिसणार नाहीत अशा जागी होते. कर्मचाऱ्यांच्या चुका घडल्या, परंतु अपुरे प्रशिक्षण, गोंधळात टाकणाऱ्या कार्यपद्धती आणि नियंत्रणकक्षाची सदोष रचना यांमुळे अशा चुका अटळ झाल्या होत्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. वीज कंपनीबरोबरच अणुऊर्जा नियामक आयोगाच्या कार्यपद्धतीवरही अहवालात कठोर टीका करण्यात आली. यंत्र वापरणाऱ्याला काय दाखवते, हा प्रश्न डार्टमथमध्ये सोयीचा होता. येथे तो सुरक्षिततेचा ठरला.

सूक्ष्मसंगणक आणि ट्रू बेसिक

१९७५ नंतर सूक्ष्मसंगणकांचा प्रसार झाला आणि जवळजवळ प्रत्येक यंत्रासोबत बेसिकची एखादी आवृत्ती येऊ लागली. स्मृती अपुरी असल्याने यांतील बहुतेक आवृत्त्या ओळ वाचून लगेच तिची अंमलबजावणी करणाऱ्या इंटरप्रिटरच्या रूपात होत्या. भारतात १९८० च्या दशकात शासनाच्या क्लास प्रकल्पातून शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रो संगणकांवरही बेसिकच होती.

या प्रसारातून नव्या अडचणी उभ्या राहिल्या. प्रत्येक उत्पादकाने भाषेत स्वतःचे बदल केले. आलेखनाच्या बाबतीत तर कोणताच मेळ नव्हता. रेषा काढण्याची विधाने यंत्रागणिक वेगळी होती आणि पडद्यावरील बिंदूंची संख्या मोजूनच चित्र आखावे लागे. यंत्र बदलले की आज्ञावली निरुपयोगी ठरे. दुसरीकडे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांच्यासारख्या टीकाकारांनी बेसिकमुळे विद्यार्थ्यांना वाईट सवयी लागतात, असा आक्षेप घेतला. डार्टमथमधील आवृत्त्यांत मात्र १९७० च्या दशकातच संरचित विधाने आणि आलेखनाच्या सोयी आल्या होत्या. बाजारातील आवृत्त्या या सुधारणांपासून वंचित राहिल्याचे केमेनी आणि कर्ट्झ यांना खटकत होते.

१९८३ मध्ये दोघांनी ट्रू बेसिक ही कंपनी स्थापन केली. तिने तयार केलेल्या आवृत्तीत ओळींच्या क्रमांकांची सक्ती नव्हती. पडद्याच्या एका भागात आज्ञावलीचे संपादन आणि दुसऱ्या भागात आज्ञा देणे, अशी विभागणी होती. आज्ञावलीचे आधी मध्यस्थ संकेतात रूपांतर होई आणि तो संकेत इंटरप्रिटर चालवी. त्यामुळे तीच आज्ञावली निरनिराळ्या यंत्रांवर चालू शके.

आलेखनासाठी वापरणाऱ्याने आपल्या गणिताला सोयीचे निर्देशक स्वतः ठरवावयाचे असत. आडव्या अक्षावर शून्य ते दहा आणि उभ्या अक्षावर उणे एक ते एक अशी चौकट सांगितली की वक्राचे बिंदू पडद्यावरील बिंदूंशी जुळवण्याचे काम यंत्र करी. पडद्याचे भाग पाडून एकात आलेख आणि दुसऱ्यात मजकूर दाखवता येई. एकदा वर्णन केलेले चित्र सरकवून, फिरवून किंवा लहानमोठे करून पुन्हा काढता येई. १९८५ मध्ये दोघांनी बेसिकचा इतिहास आणि तिच्यात शिरलेल्या दोषांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले.

व्यापारी दृष्ट्या ट्रू बेसिकला मोठे यश लाभले नाही. संगणकासोबत विनामूल्य मिळणाऱ्या आवृत्त्या तोवर घरोघरी रुजल्या होत्या.

अखेरचा काळ आणि वारसा

अध्यक्षपद सोडल्यानंतर केमेनी पुन्हा पूर्णवेळ अध्यापनाकडे वळले. १९९० मध्ये ते निवृत्त झाले. २६ डिसेंबर १९९२ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

बेसिकचा वापर पुढे कमी झाला आणि शिक्षणात तिची जागा इतर भाषांनी घेतली. परंतु आज्ञा टंकताच उत्तर देणारा कन्सोल आणि त्याच्या शेजारी आलेखाची खिडकी ही मांडणी आज गणित व विज्ञान शिकवणाऱ्या अनेक संगणकीय साधनांत दिसते. संगणक हे केवळ तज्ज्ञांचे साधन नाही, ही आज सर्वमान्य झालेली कल्पना व्यवहारात आणून दाखवणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींमध्ये केमेनी यांची गणना होते.